जुन्या व्हिडिओ गेमची दुरुस्ती : प्लास्टिक, दमट हवा आणि एक अनुत्तरित वारसा

सिंगापूरच्या नैऋत्येला सात लहान बेटे होती. त्यांच्यामधला उथळ समुद्र भरून काढला गेला आणि जुरोंग बेट उभे राहिले. १४ ऑक्टोबर २००० रोजी त्याचे औपचारिक उद्घाटन झाले. पूर्वी जिथे कोळ्यांच्या वस्त्या होत्या, तिथे आज सुमारे ३,००० हेक्टरवर शंभराहून अधिक कंपन्यांचे तेलशुद्धीकरण आणि रसायनांचे कारखाने आहेत. बेटावर कोणी राहत नाही. कामगार आणि अभियंते पास दाखवून पुलावरून आत जातात आणि पाळी संपली की परततात. त्यांच्यात मराठी माणसेही आहेत.

या बेटावर तयार होणाऱ्या रसायनांपैकी एक म्हणजे स्टायरीन. अ‍ॅक्रिलोनायट्राइल, ब्युटाडाइन आणि स्टायरीन मिळून एबीएस नावाचे प्लास्टिक बनते. फॅमिकॉम, सुपर निन्टेन्डो, मेगा ड्राइव्ह, पहिले प्लेस्टेशन या सगळ्यांचे बाहेरचे कवच याच प्लास्टिकचे. त्या यंत्रांतले प्लास्टिक जुरोंग बेटावरचे नव्हे, कारण त्यांतली बहुतेक यंत्रे आजच्या बेटाच्या आधीची आहेत. पण ते प्लास्टिक पिवळे का पडते, ठिसूळ का होते आणि त्यावर उपाय करावा की करू नये, हे प्रश्न त्याच रसायनशास्त्रातले आहेत. घरगुती व्हिडिओ गेमची जुनी यंत्रे दुरुस्त करणाऱ्या आणि जपणाऱ्या मंडळींमध्ये या प्रश्नांवर गेली पंधरा-वीस वर्षे वाद चालू आहे. त्यातला बराचसा सल्ला युरोप-अमेरिकेच्या थंड, कोरड्या घरांतून आला आहे. सिंगापूर, मुंबई किंवा रत्नागिरीच्या हवेत तो कितपत लागू पडतो, हे वेगळे तपासावे लागते.

यंत्रे कुठून आली

घरच्या टीव्हीला जोडून खेळायचे पहिले व्यावसायिक यंत्र म्हणजे १९७२ चे मॅग्नावॉक्स ओडिसी. त्यामागे राल्फ बेअर यांचे काम होते. खेळ बदलण्यासाठी रॉम असलेले काडतूस, म्हणजे आपल्याकडची ‘कॅसेट’, सरकवण्याची सोय १९७६ च्या फेअरचाइल्ड चॅनल एफमध्ये आली. ते घडवणाऱ्या अभियंत्यांचे नेतृत्व जेरी लॉसन यांनी केले. १९७७ मध्ये अटारीने ही कल्पना घराघरांत नेली. १५ जुलै १९८३ रोजी जपानमध्ये निन्टेन्डोचा फॅमिकॉम १४,८०० येनला विक्रीस आला आणि आशियाचा खेळ बदलला.

भारतात ही लाट अधिकृत वाटेने फारशी आलीच नाही. आयात शुल्क जबर होते. त्यातून वाट काढण्यासाठी १९९५ मध्ये शॉ वॉलेसने सेगाच्या मेगा ड्राइव्हचे वितरण हाती घेतले, तरी किंमत १८,००० रुपये पडली. त्या काळात ही रक्कम मध्यमवर्गीय घराच्या आवाक्याबाहेरची होती. मग घरात आले ते ‘समुराई’, ‘मीडिया’, ‘लिटल मास्टर’, ‘टर्मिनेटर’ अशा नावांचे डबे. यांतले बहुतेक डबे म्हणजे आतून फॅमिकॉमची नक्कल. अनेकांमधल्या चिप तैवानच्या यूएमसी कंपनीच्या असत. कॅसेटवर हजारो, कधी तर लाखो खेळांचा आकडा छापलेला असे. प्रत्यक्षात थोडेच खेळ नावे आणि सुरुवातीच्या पातळ्या बदलून पुन्हा पुन्हा येत. ‘कॉन्ट्रा’, ‘मारिओ’ आणि बंदुकीने बदके मारायचा ‘डक हंट’ एका पिढीच्या बोटांत भिनले ते याच डब्यांमुळे. मुंबईचा लॅमिंग्टन रोड आणि मनीष मार्केट, पुण्याची तपकीर गल्ली ही त्यांची ठिकाणे.

सिंगापूरची गोष्ट थोडी निराळी. तिथे जपानी माल सहज येत असे. १९८७ मध्ये उघडलेल्या सिम लिम स्क्वेअरमध्ये यंत्र विकत मिळे आणि त्यात बदलही करून मिळत. शिवाय देशाची स्वतःची इलेक्ट्रॉनिक्सची परंपरा होती. सिम वाँग हू यांनी १९८१ मध्ये स्थापन केलेली क्रिएटिव्ह टेक्नॉलॉजी ही कंपनी ‘साउंड ब्लास्टर’ या ध्वनी-कार्डामुळे जगाला माहीत आहे. तिने १९९४ मध्ये ‘थ्रीडीओ ब्लास्टर’ही काढला होता. थ्रीडीओ हे पूर्ण घरगुती यंत्रच एका कार्डावर बसवून संगणकात घालायची ती योजना. जुन्या यंत्रांच्या इतिहासात सिंगापूरचा हा हिस्सा फारसा सांगितला जात नाही, तो सांगायला हवा.

जपानी यंत्रे बाहेर वापरताना जे घोटाळे होत, ते आजही दुरुस्ती करणाऱ्यापुढे येतात. जपानी अडॅप्टर १०० व्होल्टचा, तर सिंगापूर आणि भारतात घरात २३० व्होल्ट. फॅमिकॉमला १० व्होल्टचा डीसी पुरवठा लागतो आणि पिनच्या मध्यभागी ऋण टोक असते. त्याच घराण्यातल्या अमेरिकी एनईएसचा अडॅप्टर मात्र ९ व्होल्ट एसी देतो. वरून दोन्ही पिना सारख्या दिसतात. जुने यंत्र पहिल्यांदा सुरू करण्याआधी अडॅप्टरवरचे अक्षर न् अक्षर वाचावे आणि मल्टिमीटर लावून पाहावे. एवढ्या एका सल्ल्यावर मात्र या क्षेत्रातल्या सगळ्या पंथांचे एकमत आहे.

पिवळेपणाचा वाद

एबीएसमधला ब्युटाडाइनचा भाग रबरासारखा असतो. आपटल्यावर कवच फुटत नाही ते त्याच्यामुळे. पण त्याच्या साखळीत दुहेरी बंध असतात आणि अतिनील किरण, उष्णता आणि प्राणवायू आधी त्यांच्यावरच चाल करतात. पिवळी छटा येते ती या ऑक्सिडीकरणातून. आग लागू नये म्हणून घातलेली ब्रोमीनयुक्त द्रव्येही यात हातभार लावतात, असे अनेकांचे म्हणणे आहे. अमेरिकी सुपर निन्टेन्डो हे याचे बोलके उदाहरण. कित्येक यंत्रांत वरचे झाकण गडद पिवळे, तर खालचा भाग जवळपास जसाच्या तसा करडा. दोन्ही भाग एकाच खोलीत, एकाच उजेडात वाढले. म्हणजे फरक पडला तो प्लास्टिकच्या त्या त्या घाण्यातल्या द्रव्यांमुळे.

२००८ मध्ये जुन्या संगणकांच्या हौशी मंडळींनी ‘रेट्रोब्राइट’ नावाची कृती पुढे आणली. हायड्रोजन पेरॉक्साइड प्लास्टिकला लावायचे आणि अतिनील प्रकाशात ठेवायचे. काही तासांत मूळ रंग परततो. केस रंगवायच्या दुकानात मिळणारे १२ टक्क्यांचे पेरॉक्साइडचे क्रीम अनेक जण वापरतात. क्रीम मध्येच वाळले तर पांढरे चट्टे उठतात, म्हणून वरून प्लास्टिकची फिल्म गुंडाळतात. कोणी पूर्ण सुटा भाग कोमट द्रावणात बुडवतो, कोणी ओझोन वापरतो, तर कोणी काहीही न लावता नुसत्या उन्हात ठेवतो आणि त्यानेही फरक पडल्याचे सांगतो.

या पद्धतीच्या बाजूने असणारे म्हणतात, यंत्र वापरायचे आणि पाहायचे असते; मूळ रंग परत आणणे हा त्याचा सन्मान आहे. विरोधकांचे दोन मुद्दे आहेत. पहिला असा, की पिवळेपणा पुन्हा येतो, काही वेळा अंधारात ठेवलेल्या वस्तूवरही, आणि दरवेळी पेरॉक्साइडचा मारा केल्याने पृष्ठभाग किती झिजतो हे नीट मोजलेले नाही. दुसरा मुद्दा वस्तुसंग्रहालयांच्या शिस्तीतून येतो. केलेला उपाय नंतर मागे घेता आला पाहिजे, अशी ती शिस्त आहे आणि रासायनिक उजळणी मागे घेता येत नाही.

विषुववृत्तापासून जेमतेम दीड अंशावर असलेल्या सिंगापुरात ऊन वर्षभर जवळजवळ डोक्यावर असते, त्यामुळे ही कृती लवकर होते आणि बिघडतेही लवकर. गच्चीतल्या काळ्या ट्रेमध्ये ठेवलेले पातळ झाकण तापून वाकू शकते. हातात असलेल्या माहितीवरून एवढे म्हणता येईल, की सर्वसाधारण यंत्राचा रंग उजळून घेण्यात फार मोठे नुकसान नाही, पण दुर्मीळ यंत्राचा पिवळेपणा तसाच राहू द्यावा. रंग गेल्याने यंत्र बंद पडत नाही. ते बंद पडते आतल्या कारणांनी.

झाकणाच्या आत

दमट देशांतली खरी लढाई इथे आहे. सिंगापूरची सरासरी सापेक्ष आर्द्रता ८० टक्क्यांच्या वर असते आणि कोकणातला पावसाळा तिच्या मागे नसतो. कॅसेटच्या सोनेरी पट्ट्यांवर काळपट थर चढतो, ट्रॅकवर हिरवा गंज धरतो, स्विचचे संपर्क कुचकामी होतात. कॅसेट चालेना की तिच्यात फुंकर मारायची, हा आपल्याकडचा सर्वमान्य उपाय होता. फुंकरीबरोबर थुंकीची वाफ आत जाते आणि गंज वाढतो. निन्टेन्डोनेही फुंकर मारू नका असे बजावले होते. फुंकरीने कॅसेट चालू व्हायची ती बहुधा काढून पुन्हा बसवल्यामुळे. आज दुरुस्ती करणारे आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि कापसाची काडी वापरतात, आणि बहुतेक ‘बिघडलेल्या’ कॅसेट एवढ्यावरच सुरू होतात.

मोठा वाद कपॅसिटरचा आहे. आपल्याकडचे जुने मेकॅनिक त्याला कंडेन्सर म्हणतात. अ‍ॅल्युमिनियमच्या इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटरमध्ये द्रव भरलेला असतो. तो सुकला की यंत्राचा आवाज बसतो, चित्र थरथरते. तो गळला तर खालचा ट्रॅक खाऊन टाकतो. १९९० च्या सेगा गेम गिअरमध्ये आणि १९९१ च्या पीसी इंजिन ड्युओमध्ये बोर्डावर चपटे बसवलेले लहान कपॅसिटर इतके गळतात, की ते बदलल्याशिवाय यंत्र विकत घेण्यातच अर्थ नाही. २००१ च्या पहिल्या एक्सबॉक्समध्ये घड्याळ चालू ठेवणारा एक कपॅसिटर असतो. तो फुटून मदरबोर्ड खातो. तो नुसता काढून टाकला तरी यंत्र चालते, फक्त वीज काढून ठेवल्यावर तारीख-वेळ टिकत नाही.

एक गट म्हणतो, सरसकट सगळे कपॅसिटर बदला, मग निर्धास्त व्हा. दुसरा गट म्हणतो, आधी मोजा. एनईएससारख्या यंत्रांतले मोठे कपॅसिटर चाळीस वर्षांनीही पुष्कळदा ठणठणीत निघतात, आणि नवख्या हाताच्या सोल्डरिंगने निघालेला ट्रॅक परत येत नाही. दोन्ही बाजूंत तथ्य आहे. पण तापमानाचा मुद्दा या वादात मागे पडतो. तापमान १० अंशांनी वाढले की इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटरचे आयुष्य साधारण निम्मे होते, असा अभियांत्रिकीतला ठोकताळा आहे. १८ अंशांच्या तळघरात ठेवलेले यंत्र आणि ३० अंशांच्या पोटमाळ्यावर ठेवलेले यंत्र यांना एकच नियम लावता येणार नाही. मुंबई किंवा सिंगापुरात वाढलेल्या यंत्राबाबत ‘आधी बदला’ या बाजूचे पारडे थोडे जड ठरते, निदान चपट्या कपॅसिटरच्या बाबतीत तरी.

बॅटरीचे उत्तर सोपे आहे. कॅसेटमध्ये खेळाची प्रगती साठवणारी बटण-बॅटरी बहुधा पंधरा-वीस वर्षांत संपते. ती बदलताना साठवलेले सगळे पुसले जाते, म्हणून आधी त्याची प्रत काढून घ्यावी.

डिस्कची यंत्रे अधिक नाजूक. लेझर थकतो, गिअर झिजतात, आणि डिस्कच्या चकचकीत थराला हवा लागली की तो करपतो. २००१ मध्ये स्पॅनिश संशोधकांनी बेलीझमधून आलेल्या एका सीडीचा थर बुरशीने खाल्ल्याचे नोंदवले होते. बेलीझही दमट, उष्णच. ड्रीमकास्टसारख्या यंत्रात डिस्कचा ड्राइव्ह काढून जीडीईएमयूसारखा मेमरी कार्ड वाचणारा बोर्ड बसवायची रीत आता रुळली आहे. मूळ ड्राइव्ह जपून ठेवला तर हा बदल मागे घेता येतो, म्हणून शुद्धतावाद्यांचाही त्याला फारसा विरोध नाही. उलट बाजूने, प्लेस्टेशनमध्ये सिम लिम किंवा लॅमिंग्टन रोडवर बसवलेली, नकली डिस्कही चालू देणारी मॉड चिप काढून यंत्र ‘मूळ’ करावे का, यावर मतभेद आहेत. ती चिप ठेवावी, हेच रास्त वाटते. आपल्या भागात ते यंत्र कसे जगले याचा तो पुरावा आहे.

साठवणुकीबाबत सिंगापूरच्या छायाचित्रकारांकडून घेण्यासारखे आहे. ते कॅमेऱ्याच्या भिंगांना बुरशी लागू नये म्हणून ४० ते ५० टक्के आर्द्रता राखणारी विजेवरची कपाटे वापरतात. कॅसेट आणि डिस्कसाठी तीच कपाटे उत्तम, आणि ती परवडत नसतील तर हवाबंद डब्यात सिलिका जेल.

पडदा

१९८० आणि ९० च्या दशकांतले खेळ पिक्चर ट्यूबसाठी रेखाटले गेले. त्यांचे रंग एकमेकांत मिसळणे, कडा मऊ होणे हे चित्रकाराने हिशेबात धरलेले असे. सपाट एलसीडीवर तेच चित्र खरबरीत दिसते. शिवाय कित्येक नवे टीव्ही २४० ओळींचा तो सिग्नल चुकीचा समजतात आणि त्यावर प्रक्रिया करताना उशीर लावतात. बटण दाबले आणि मारिओने उडी मारली, यातले अंतर जाणवते. डक हंटची बंदूक तर पिक्चर ट्यूबशिवाय चालतच नाही.

महाराष्ट्राला हा विषय जवळचा आहे. छत्रपती संभाजीनगरजवळच्या चितेगावातून व्हिडिओकॉनचे टीव्ही देशभर गेले, आणि मुंबईच्या कंपनीचे ओनिडा टीव्हीही. आता ट्यूबचे टीव्ही बनत नाहीत, आणि ते दुरुस्त करणारे हातही कमी होत चालले आहेत. ट्यूबमध्ये २० हजार व्होल्टच्या वर दाब असतो आणि प्लग काढल्यावरही काही काळ विद्युतभार साठून राहतो, म्हणून हे काम यूट्यूब पाहून करण्याजोगे नाही. पर्याय म्हणून ओएसएससी आणि रेट्रोटिंक यांसारखी उपकरणे जुना सिग्नल नव्या टीव्हीला समजेल असा करून देतात, तेही जवळपास उशीर न लावता. ट्यूबचे निष्ठावंत त्यावर समाधानी नाहीत. पण घरातली जागा पाहता सिंगापूरच्या सदनिकेत काय किंवा डोंबिवलीच्या वन बीएचकेत काय, बहुतेकांची निवड आधीच ठरलेली असते.

मूळ यंत्र, एफपीजीए आणि एम्युलेटर

निन्टेन्डोने २००३ मध्ये फॅमिकॉमचे उत्पादन थांबवले आणि २००७ मध्ये जपानमधली दुरुस्तीही. त्यानंतरची सगळी जबाबदारी हौशी मंडळींवर आली. मूळ यंत्र कितीही जपले तरी त्याच्या खास चिप कधी ना कधी जळणार, आणि त्या पुन्हा कोणी बनवणार नाही. मग पुढे काय?

पहिले उत्तर एम्युलेटरचे, म्हणजे जुन्या यंत्राचे वागणे सॉफ्टवेअरने साकारणारा प्रोग्राम. नोव्हेंबर २०१६ मध्ये निन्टेन्डोने स्वतःच आणलेला छोटा ‘क्लासिक’ एनईएस आतून हेच करत होता. दुसरे उत्तर एफपीजीएचे. ही अशी चिप असते की तिच्यातले तर्कमंडल हवे तसे रचता येते, त्यामुळे जुन्या चिपची नक्कल सर्किटच्या पातळीवर होते. २०१७ मध्ये सुरू झालेला मिस्टर प्रकल्प तैवानच्या टेरासिक कंपनीच्या बोर्डावर उभा आहे आणि त्याचा सगळा कोड खुला आहे. अ‍ॅनालॉग ही कंपनी हीच कल्पना तयार यंत्रांच्या रूपात विकते. एफपीजीएचे समर्थक अचूकता आणि वेग सांगतात. टीकाकार दाखवून देतात, की एफपीजीएमधले वर्णनही शेवटी माणसानेच अभ्यासून लिहिलेले असते आणि त्यात चुका राहू शकतात. उत्तम एम्युलेटरही तितकाच अचूक असू शकतो. हा वाद तांत्रिक आहे आणि मोजमापांनी सुटत जाईल. हातातल्या जड कंट्रोलरचे, कॅसेट सरकवताना होणाऱ्या खटक्याचे मोल मात्र मोजमापात येत नाही, आणि मूळ यंत्र जपणाऱ्यांचा आग्रह त्यासाठीच आहे.

किंमत आणि कायदा

ऑगस्ट २०२१ मध्ये ‘सुपर मारिओ ब्रदर्स’ची एक सीलबंद प्रत २० लाख डॉलरला विकली गेली. अशा व्यवहारांनी जुन्या वस्तूंकडे लक्ष वेधले, पण दुरुस्ती करणाऱ्यांच्या वाट्याला आली ती महागाई. सिंगापूरचा सुंगेई रोडचा जुना बाजार जुलै २०१७ मध्ये बंद झाला. जुन्या मालाचा मोठा व्यवहार आता २०१२ मध्ये सिंगापुरातच सुरू झालेल्या कॅरोसेलसारख्या ऑनलाइन बाजारात होतो, आणि तिथे विक्रेत्याला भाव आधीच ठाऊक असतो.

खेळांच्या उपलब्धतेचे चित्र अधिक गंभीर आहे. व्हिडिओ गेम हिस्ट्री फाउंडेशनच्या २०२३ च्या पाहणीनुसार अमेरिकेत २०१० च्या आधी प्रसिद्ध झालेल्या खेळांपैकी ८७ टक्के खेळ आज अधिकृतपणे विकत मिळत नाहीत. संशोधकांना ग्रंथालयातून दूरस्थपणे असे खेळ पाहू द्यावेत, ही मागणी अमेरिकी कॉपीराइट कार्यालयाने ऑक्टोबर २०२४ मध्ये फेटाळली. हक्कधारकांचे म्हणणे असे, की जुन्या खेळांच्या नव्या आवृत्त्यांचा बाजार आहे आणि मोकळ्या वाटेने तो बुडेल. एम्युलेटर मात्र बेकायदेशीर नाही. २००० मध्ये सोनी विरुद्ध कनेक्टिक्स खटल्यात अमेरिकी अपील न्यायालयाने तसा निकाल दिला. भारतात १९५७ च्या कॉपीराइट कायद्याचे कलम ५२(१)(एए) संगणक-प्रोग्रामची प्रत कायदेशीरपणे बाळगणाऱ्याला, ती हरवली किंवा बिघडली तर उपयोगी पडावी म्हणून राखीव प्रत काढू देते.

नकली डब्यांचे काय करायचे

‘कायदेशीरपणे बाळगणारा’ या अटीपाशी आपल्याकडची सर्वांत मोठी अडचण उभी राहते. भारतीय मुलांनी जे खेळले त्यातले बहुतेक नकली कॅसेटमधले होते. अशा कॅसेटची प्रत काढणाऱ्याला या कलमाचा आधार मिळत नाही. कॅसेटमधल्या मूळ खेळाचा हक्क निन्टेन्डोचा किंवा ‘कॉन्ट्रा’ काढणाऱ्या कोनामीचा, आणि त्यात फेरफार करणारा अज्ञात. तरीही इतिहास म्हणून पाहिले तर तोच आपला खरा साठा आहे. रशियात ‘डेंडी’ आणि पोलंडमध्ये ‘पेगासस’ या फॅमिकॉमच्या नकलांचा तिथल्या हौशींनी बारकाईने अभ्यास केला आहे. त्या मानाने भारतीय डब्यांच्या नोंदी तुटपुंज्या आहेत.

दुरुस्तीच्या दृष्टीने हे डबे दोन प्रकारचे. जुन्या डब्यांत यूएमसीच्या सुट्या चिप असतात, त्यांच्यावर क्रमांक असतो आणि एक जळली तर दुसऱ्या मृत डब्यातून काढून लावता येते. नंतरच्या डब्यांत सगळे सर्किट एकाच काळ्या राळेच्या ठिपक्याखाली गाडलेले असते. तो ठिपका मेला की डबा मेला. म्हणून सुट्या चिपचे डबे भंगारात जाऊ न देणे महत्त्वाचे आहे. १ एप्रिल २०२३ पासून लागू झालेल्या भारताच्या ई-कचरा नियमांत व्हिडिओ गेमही यादीत आहेत. विषारी कचरा रीतसर गोळा व्हावा म्हणून ते योग्यच आहे, पण गोळा झालेल्या ढिगात काय जपायचे हे ओळखणारी नजर त्या व्यवस्थेत नाही.

अधिकृत भारतीय खेळांचीही स्थिती भक्कम नाही. प्लेस्टेशन २ साठी २००९ मध्ये ‘हनुमान : बॉय वॉरियर’ आणि ‘देसी अड्डा’ हैदराबादच्या स्टुडिओंत तयार झाले, दुसऱ्यात विटीदांडू, कबड्डी, पतंग असे खेळ होते. पाठोपाठ मुंबईच्या ट्राइन गेम्सने ‘स्ट्रीट क्रिकेट चॅम्पियन्स’ आणला. त्यांच्या डिस्क अजून जुन्या बाजारात दिसतात. त्या घेऊन कोरड्या जागी ठेवणे आणि कायद्याने दिलेली राखीव प्रत काढणे आज कोणालाही शक्य आहे. नकली डब्यांच्या बाबतीत निदान बोर्डाच्या दोन्ही बाजूंचे फोटो, चिपवरचे क्रमांक, खोक्यावरचा पत्ता आणि छापील किंमत यांची नोंद करायला कोणाची परवानगी लागत नाही. कॅसेटमधल्या मजकुराची प्रत कोणी, कोणत्या कायद्याच्या आधाराने ठेवायची, या प्रश्नाला आज उत्तर नाही. ते वस्तुसंग्रहालय, विद्यापीठ किंवा न्यायालय यांपैकी कोणाकडून तरी यावे लागेल.